डोंगरावरचा पाटा

त्या डोंगराला नाव होतं, पण ते आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. तिकडची माणसं नुसतं ‘गोमो’ म्हणायची, म्हणजे डोंगर. दर्यापार बैरा बंदरात बोटीतून उतरायचं, मग आगगाडी, मग लॉरी, आणि लॉरीने टाकलं की समोर तो. झाड नाही, माती नाही, एकच सलग काळा खडक, बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखा. आमच्या कोकणातले डोंगर हिरवे असतात, अंगावर येत नाहीत. हा पहिल्या दिवशी अंगावर आला. मी तेव्हा चौथी झालेला पोर. बावाला विचारलं, हा पडणार तर नाही ना? बावा म्हणाला, पडायचा असता तर मी इथे दुकान टाकलं नसतं.

डोंगराच्या तीन बाजूंना तीन गावं. त्यांनाही नावं होती, पण मांला ती उच्चारता येईनात, म्हणून तिने आपली ठेवली: वरची वाडी, खालची वाडी आणि नदीपल्याडची वाडी. आमचं दुकान खालच्या वाडीच्या वाटेवर. मीठ, साखर, साबण, घासलेट, कापड. व्हरांड्यात शिंप्याचं मशीन आणि मशीनवर टोबायस, त्यांच्यातलाच, बावाच्या वयाचा. कापड आमच्याकडे घ्यायचं आणि तिथेच त्याच्याकडून शिवून न्यायचं. टोबायस शिवताना बोलायचा आणि बोलताना शिवायचा. मी तिकडची भाषा शिकलो ती त्याच्या मशीनजवळ बसून. शाळा माझी चौथीला संपली ती संपलीच. हे सगळं मी नातीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. चुका असतील. वाचायचं तर वाचा, नाहीतर ठेवा.

घरात मां, बावा आणि मी. मांची अर्धी जिंदगी तिथे कशाच्या बदल्यात काय, हे शोधण्यात गेली. नारळ नाही, म्हणून कालवणात शेंगदाण्याचं वाटण. आमसूल नाही, म्हणून तिकडचं एक आंबट रानफळ सुकवून. मासळी नाही, पण तळ्यातली बारकी सुकी मासळी पोत्याने यायची. मांने पहिल्यांदा पोतं उघडलं, नाक आत घातलं आणि म्हणाली, “सुकटच आहे गं बाई.” कुणाला म्हणाली कोण जाणे, घरात दुसरी बाई नव्हती. आणि नाचणी. खालच्या वाडीतली एक बाई सुपात नाचणी घेऊन जाताना मांने पाहिली, तर तिला वाटेतच अडवली. तिकडे नाचणीची दारू करतात. आम्ही तिची भाकरी करून खातो हे कळल्यावर तीन वाड्यांत हसू पसरलं. दुकानावर आलेल्या बाया मुद्दाम मागच्या दाराने डोकावून जायच्या, ही माणसं दारूचं धान्य खाऊन शुद्धीवर कशी राहतात ते बघायला.

पहाटे तिन्ही वाड्यांतून दळण्याचा आवाज यायचा. तिकडे जातं नसतं. एक मोठा सपाट धोंडा खाली आणि एक हातात मावेल असा वर, बाई गुडघ्यावर बसून पुढेमागे घासते. घर्र, घर्र, मध्ये थांबून दाणे ओढून घेतात, परत घर्र. बरोबर गाणं. मां अंथरुणात बसून ऐकायची. एकदा बावाने विचारलं, “झोप येत नाही का?” तर म्हणाली, “गावात आहे असं वाटतं, जरा वाटू द्या.” आज इथे सौदीत, जुबैलला, पहाटे कंपनीच्या बस लागतात, शिफ्टची माणसं नेणाऱ्या. मुलगा त्यातलाच एक. बसचं इंजिन चालू राहतं आणि मी पडल्या पडल्या कान देतो. त्यात दळणाचा आवाज येत नाही. मी म्हातारा झालो, वेडा नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते पुढे लागणार आहे. तिकडे कुणाच्या घरी गेलात तर दार वाजवत नाहीत, हाक मारत नाहीत. अंगणाच्या कडेला बसायचं आणि टाळी द्यायची, हळू. पुरुषांनी तळहात सरळ जुळवून, बायांनी आडवे धरून खोलगट, म्हणजे आवाज घुमतो. आतून टाळीचं उत्तर आलं की उठायचं. दुकानावर आलेलं माणूससुद्धा आधी टाळी देणार, मग मीठ मागणार. उत्तर न देणं ही तिकडची सगळ्यात मोठी शिवी. तोंडाने शिव्या मी तिथे फार ऐकल्या नाहीत.

हलीमा आली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. निकाह गावी झाला, मी पुढे आलो, ती सहा महिन्यांनी तिच्या मामाबरोबर आली. लॉरीतून उतरली, डोंगराकडे एकदा बघितलं. घरात गेली, बुरखा खुंटीला लावला, सैपाकघर फिरून आली आणि मला म्हणाली, “अहो, इथे पाटा नाही?”

“खलबत्ता आहे ना.”

“खलबत्त्यात वाटण होतं? कुटण होतं.”

मां ऐकत होती. “एवढी वर्षं कुटूनच खाल्लं गं आम्ही.”

“ते कळलं मला, मां. काल लॉरीच्या ठेसनावर तुम्ही पाठवलेला डबा खाल्ला ना.”

मां हसली. त्या दिवशी हसली, हे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला मां वाईट वाटेल. ती वाईट नव्हती.

मला हलीमाला काहीतरी द्यायचं होतं. एकोणीस वर्षांच्या नवऱ्याला काय सुचतं? दुकानातली बांगडी, साबण, ते तर बावाचंच. म्हणून पाटा शोधायला डोंगरावर गेलो. डोंगरावर आम्ही फारसे जात नसू, कुणी मना केलं होतं असं नाही, कुणी या म्हटलं नव्हतं. वरच्या अंगाला खडकाच्या दोन भिंतींमध्ये एक सावलीची जागा होती, तिथे दगडांची रास आणि राशीवर एक धोंडा पालथा. वरून ओबडधोबड. मी सहज कड उचलून बघितलं तर खालचं अंग असं गुळगुळीत की हात फिरवतच राहावा. मधून जरा खोलगट. वर्षानुवर्षं घासलेला पाटा. कुणाचा तरी असणार हे मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, टाकलेला आहे. कोकणातला माणूस गुळगुळीत पाटा बघतो तेव्हा त्याला फक्त वाटण दिसतं. डोक्यावर चुंबळ करून घेतला, तीनदा टेकत टेकत खाली आणला.

हलीमाने तो धुतला, त्याच्यापुढे बसली, नदीतला एक लांबट गोटा वरवंटा म्हणून घेतला. शेंगदाणे, लसूण, लाल मिरची, हळद. त्या दिवशीचं सुकटीचं कालवण बावाने तीनदा घेतलं. बावा बोलणारा माणूस नव्हता, पण हात धुताना म्हणाला, “आता घर झालं.” हलीमा रात्री मला म्हणाली, “पाटा माझ्यासाठी आणलात की तुमच्या पोटासाठी?” मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, “खरं बोललात, बरं झालं.”

तो ‘खरं’ शब्द मला आयुष्यभर टोचला, तो का ते आता येतं.

आठ दिवसांत दुकानावरची माणसं कमी झाली, मग थांबली. भांडण नाही, काही नाही. बाया पाण्याला जाताना आमच्या समोरून जायच्या, पण टाळी नाही. बावा व्हरांड्यात उभा राहून आपणच आधी टाळी देऊ लागला. उत्तर नाही. घागर डोक्यावर, नजर सरळ पुढे. नदीपल्याडच्या वाडीची माणसं दोन कोसांचा वळसा घालून दुसरीकडून मीठ आणू लागली. टोबायस रोज येत होता, पण मशीनला काम नव्हतं, तो नुसता चाकाला तेल घालायचा. बावाने त्याला विचारलं, तर म्हणाला, “मालक, माझ्या तोंडाने नाही.”

मग मांच्या तोंडून ते निघालं. आधी हळू, मग सैपाकघरात भांडी आपटत. एवढी वर्षं इथे आहोत, असं कधी झालं नाही. आता काय नवीन झालं? नवीन एकच झालं. सून आली. “पायगुण असतो माणसाचा,” मां बावाला म्हणाली, आणि ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. हलीमा तिथेच चुलीपुढे होती. तिने फुंकणी खाली ठेवली नाही की वर बघितलं नाही. बावा म्हणाला, “असलं बोलू नये.” पण दोन दिवसांनी तोच म्हणाला, तिचा मामा अजून बैराला आहे, बोट पुढल्या महिन्यात आहे, थोडे दिवस गावी राहून आली तर बिघडत नाही. थोडे दिवस गावी गेलेल्या सुना परत येतात का नाही, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या मंगळवारी टोबायसने मला मशीनजवळ बोलावलं. सुईत दोरा घालायला सांगितला, त्याला दिसत नाही असा बहाणा. मी वाकलो तेव्हा म्हणाला, “तुझ्या घरात अंबुयाच्या आईचा दगड आहे.”

अंबुया म्हणजे आजी. वरच्या वाडीची सगळ्यात म्हातारी बाई, तिला सगळा मुलुख अंबुया म्हणायचा.

“कुठला दगड?”

“तुला माहीत आहे कुठला. त्या घराण्यात बाई मेली की तिचा दळायचा दगड तिच्यावर पालथा ठेवतात. दळण संपलं म्हणून. तू तो उठवलास.”

मी विचारलं, “मग कुणी बोललं का नाही? मागितला असता तर दिला असता.”

“चोराला मागायचं असतं का? तू आपल्या पायाने येशील म्हणून थांबलेत. अंबुया म्हणते, दुकानवाल्याचा पोर वाईट नाही, येईल.” मग मशीनचं चाक फिरवून म्हणाला, “लवकर जा म्हणजे झालं.”

आता मी जे केलं ते लिहितो. मी काही केलं नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मला बावाची भीती वाटली, अंबुयाची वाटली, कबरीवरचा धोंडा घरात आणला ह्याची तर फारच वाटली. म्हटलं, एका पहाटे गुपचूप नेऊन ठेवीन, कुणाला कळायचं नाही. पण पाटा सैपाकघरात आणि सैपाकघरात पहाटेपासून दोन बाया. हे कारण झालं. खरं म्हणजे धीर नव्हता. तेवढे चार दिवस मां हलीमाला बोलत होती आणि मी भिंतीपलीकडे बसून ऐकत होतो. कालवण माझ्या घशाखाली उतरेना, ते त्या दगडावरचं. पोट बिघडलंय सांगून मी कोरडी भाकरी आणि कांदा खाल्ला. शुक्रवारी नमाजानंतर हलीमाने तिची ट्रंक बाहेर काढली. रडली नाही. कपडे घड्या करून ठेवत होती, आणि माझा एक सदरा त्यात आला तो तिने काढून बाजूला ठेवला. त्या सदऱ्यावरून मी बोललो. सगळं बोललो.

“तुम्हाला कधी कळलं?” तिने विचारलं.

“आजच,” मी म्हटलं. “आत्ता टोबायस बोलला.”

तिने हातातली घडी पुरी केली. मग उठली, सैपाकघरात गेली, पाटा घासून धुतला. हळद कुठे निघते? मधला खोलगट भाग पिवळाच राहिला. तिने पदर कमरेला खोचला, चुंबळ केली. मी म्हटलं, “मी घेतो.” म्हणाली, “आणलात तुम्ही, पण वाटलं मी. हात लावून उचलून द्या तेवढा.” मां दारात आली. हलीमा तिला म्हणाली, “मां, जाऊन येते,” जसं काही विहिरीवर चालली. मां बाजूला झाली.

वरच्या वाडीत अंबुयाच्या अंगणाकडेला आम्ही बसलो. धोंडा मध्ये. मी टाळी दिली. आत माणसं होती, धूर होता, पण उत्तर नाही. परत दिली. एक कोंबडी धोंड्यावर चढून बसली, तिलाही हाकलायचा धीर मला झाला नाही. मग हलीमाने हात आडवे धरले आणि टाळी दिली, खोलगट, त्यांच्या बायांसारखी. तिला तिथे येऊन दोन महिने झाले नव्हते. दुकानाच्या खिडकीतून बघून बघून शिकली होती. थोड्या वेळाने आतून तशीच टाळी आली.

अंबुया काठी टेकत बाहेर आली. मागून पाच-सात माणसं. तिने आमच्याकडे बघितलंच नाही, खाली बसली आणि धोंड्याच्या खोलगट भागावरून बोट फिरवलं. बोट बघितलं. मग जिभेला लावलं. आणि शिंकली, एकदा नाही, तीनदा.

“काय घासलंस ह्याच्यावर?” तिने हलीमाला विचारलं.

मी मध्ये पडून सांगितलं, मिरची.

“विचार हिला, माझ्या आईला तिखट चालायचं का म्हणून.”

मी हलीमाला मराठीत सांगितलं. हलीमा म्हणाली, “त्यांना सांगा, चालत नसेल तर माफ करा, मला माहीत नव्हतं. पण पाटा फार चांगला आहे. त्यांच्या आईने फार दळलं असणार.”

मी ते जसंच्या तसं सांगितलं. मागे उभ्या असलेल्यांतला एक हसला, मग दुसरा. अंबुया हसली नाही. ती धोंड्यावर हात ठेवून बसली होती. म्हणाली, “नऊ पोरांचं दळलं. मी आठवी.” मग उठली आणि मला म्हणाली, “तू आलास, ते बरं. उशीर केलास.” एवढंच. उशीर केलास, हे ती मला म्हणाली, आणि मी ते हलीमाला मराठीत सांगितलं नाही.

धोंडा परत ठेवायला हलीमालाच वर नेलं. शेवटचं दळण जिने केलं तिनेच पालथा घालायचा, असा त्यांचा हिशेब. पुरुषांना खाली थांबवलं. मी खडकावर बसून बघत राहिलो. दोन बाया वर चढत होत्या, एक काठी टेकत, एक डोक्यावर धोंडा घेऊन, आणि म्हातारी दर वळणावर थांबून तिला वाट दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात टाळी आली. कुणाला मीठ हवं होतं. बावा आतून इतक्या घाईने उठला की त्याची चप्पल आतच राहिली. मांने त्या दिवशी भाकरी केली आणि पहिली हलीमाच्या ताटात घातली. माफी वगैरे आमच्यात कुणी बोलत नाही. ट्रंक परत खाटेखाली गेली.

पुढे सुगी झाल्यावर अंबुया स्वतः आली. बरोबर तिचा पुतण्या, त्याच्या खांद्यावर एक मोठा सपाट धोंडा, नवा, टाकी मारलेला, आणि तिच्या हातात वरचा छोटा. म्हणाली, बाईला आपला दगड हवा, दुसरीचा नको. छोट्याचं एक अंग सपाट, एक गोल. मोठा आम्ही तो मुलुख सोडला तेव्हा तिथेच राहिला, अंबुयाच्या पुतणीला देऊन आलो. छोटा हलीमाने सोडला नाही. गावी आला, तिथून दमामला. विमानतळावर त्या सौदी पोराने बॅगेतून काढून विचारलं, हे काय? हलीमाने जमिनीवर बसून घासून दाखवलं, मागे रांग थांबलेली. तो हसला, म्हणाला, यल्ला, हज्जा, यल्ला, म्हणजे चला आजी, चला. इथल्या सैपाकघरात मिक्सर आहे, तरी लसूण ती त्यानेच ठेचायची, सपाट अंग धुऊन, वर करून सुकत ठेवायची. साठ वर्षं.

मागच्या थंडीत ती गेली. आजार लांबला नाही. हॉस्पिटलात मी तिच्याशेजारी बसलेला, ती डोळे मिटून. मला वाटलं झोपलीय. म्हणाली, “तुम्हाला त्या धोंड्याचं आधीच कळलेलं ना?”

मी तिची चादर सारखी केली.

“चार दिवस तुम्ही माझं कालवण खाल्लं नाहीत. कांदा-भाकरी खात होतात. तुमचं पोट कधी बिघडतं? मला तेव्हाच कळलं, काहीतरी आहे त्या पाट्यात. फक्त काय ते कळत नव्हतं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“म्हटलं, येईल आपल्या पायाने.” मग म्हणाली, “चहा मिळतो का बघा इथे.” मी चहा आणायला गेलो. चहा आणला, तिने दोन घोट घेतले. त्याच्यावर आम्ही परत बोललो नाही, आणि चार दिवसांनी बोलायला ती नव्हती.

इथल्या कबरस्तानात नाव लिहीत नाहीत. सगळ्या सारख्या, मातीचा उंचवटा आणि उशाला एक दगड. ते बरोबर आहे, मला त्याचं काही नाही. पण मी तो छोटा दगड पिशवीत घालून एकदा गेलो होतो. मुलगा म्हणाला, “अब्बा, पिशवीत काय आहे?” मी दाखवलं. तो म्हणाला, “अब्बा, असं चालत नाही.” मलाही माहीत होतं चालत नाही. दुआ केली आणि पिशवी परत आणली. घरी येऊन मी तो ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला, सपाट अंग खाली. पालथा. का ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तरी नात इंग्रजीत काहीतरी विचारणार.

आज सकाळी चहाला गेलो तर सून ओट्याशी उभी. मिक्सरचं झाकण उघडं, पण हातात तो दगड. सपाट अंगाखाली लसूण. “अब्बा, हा उलटा का ठेवता?” ती म्हणाली. “रोज सरळ करावा लागतो मला.” आणि ठेचू लागली. हात हलीमासारखाच, जरा डावीकडे ओढून.

मी बोलणार होतो. मग चहा घेतला आणि तिथेच स्टुलावर बसलो, लसूण होईपर्यंत. दुपारी कालवण झालं, ते मी दोनदा घेतलं.